मोदिल्यानीची पाषाणमस्तके

माहूरच्या गडावर रेणुकेच्या गाभाऱ्यात देवीचे धड नाही, हात नाहीत, आयुधे नाहीत. आहे ते केवळ मुख. शेंदराने माखलेले, भव्य, मोठ्या डोळ्यांचे. मागे वळून पाहू नकोस असे बजावलेले असतानाही परशुरामाने वळून पाहिले आणि तोवर भूमीतून मातेचे मुखच तेवढे वर आले होते, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या मेडशीतून नवरात्रात माहूरला जाणारा माणूस त्या मुखासमोर हात जोडतो, तेव्हा बाकीची देवी कोठे आहे असे त्याच्या मनातही येत नाही. हे नाक माणसाच्या नाकासारखे नाही, हे डोळे प्रमाणाबाहेर मोठे आहेत, अशी तक्रारही तो करीत नाही. मात्र त्याच माणसाच्या मुलाने शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला लांब मानेचा, मोठ्या डोळ्यांचा, एका रेघेच्या नाकाचा चेहरा काढला, तर तो चुकला असे आपण सारेच म्हणतो. गाभाऱ्यात जे पूर्ण आहे ते कागदावर अपूर्ण का ठरावे, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पुष्कळ वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता ज्या एका परदेशी माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबावे लागले, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमेदेओ मोदिल्यानी हे नाव आपल्याकडे ज्यांना माहीत आहे त्यांना ते चित्रकाराचे म्हणून माहीत आहे. हंसासारख्या मानेच्या, बुबुळे नसलेल्या बदामी डोळ्यांच्या स्त्रियांची त्याची चित्रे दिनदर्शिकांवर आणि पुस्तकांच्या वेष्टनांवर येऊन पोहोचली आहेत. पण ह्या माणसाला चित्रकार व्हावयाचे नव्हते. त्याला दगड घडवावयाचा होता. उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यातली जेमतेम पाच वर्षे त्याला त्यासाठी मिळाली, आणि त्या पाच वर्षांत घडविलेली पंचवीसच्या आसपास मस्तके आज जगात शिल्लक आहेत. चित्रकार मोदिल्यानी हा ह्या हुकलेल्या शिल्पकाराच्या पोटी जन्मास आला, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्होर्नो ह्या बंदरात १२ जुलै १८८४ रोजी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. युरोपातील इतर शहरांप्रमाणे लिव्होर्नोत ज्यूंना तटबंद मोहल्ल्यात कोंडून ठेवण्याची चाल नव्हती. आपल्या कोकणातील बेने इस्राएल ज्याप्रमाणे गावात गावचे म्हणून राहिले, काहीसे तसेच तेथील ज्यू राहत. वडील फ्लामिनिओ ह्यांचा व्यापार नेमका ह्या चौथ्या अपत्याच्या जन्माच्या वेळी बुडाला. जप्तीचे लोक दारात आले तेव्हा आईला कळा सुरू झाल्या होत्या. बाळंतिणीची खाट जप्त करता येत नाही असा तेथील कायदा होता. म्हणून घरातल्या मंडळींनी होत्या नव्हत्या तेवढ्या मौल्यवान चिजा तिच्या खाटेवर आणून रचल्या, असे सांगतात. ही कथा थोडी पदरची असेलही. पण कर्जाच्या आणि जप्तीच्या सावलीत जन्मलेला हा मुलगा पुढे कधी त्या सावलीतून बाहेर आला नाही, हे मात्र खरे.

घर सावरले ते आईने. एउजेनिआ गार्सिन ही मार्सेयमध्ये वाढलेली, चांगली शिकलेली स्त्री. तिने घरातच शाळा काढली, भाषा शिकविल्या, भाषांतरे केली. मुलगा अकराव्या वर्षी फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने आजारी पडला, चौदाव्या वर्षी विषमज्वराने, आणि सोळाव्या वर्षी क्षयाने. अकराव्या वर्षीच्या दुखण्यानंतर तिने आपल्या रोजनिशीत हा मुलगा पुढे कलावंत निघेल काय, अशी शंकावजा आशा नोंदवून ठेविली आहे. एका कोसळलेल्या घरातल्या आईने आजारी मुलाविषयी डॉक्टरकी वा वकिलीची आशा धरावयाची सोडून ही आशा धरावी, ह्याचे आपल्यासारख्या नोकरदार पालकांना नवल वाटल्यावाचून राहणार नाही. क्षय झाल्यावर हवापालटासाठी ती त्याला घेऊन दक्षिणेकडे गेली. नेपल्स, काप्री, रोम, फ्लॉरेन्स. औषध म्हणून केलेल्या ह्या प्रवासात मुलाने मंदिरे, थडगी आणि पाषाण पाहिले. १९०२ साली तो संगमरवराच्या खाणींजवळ पिएत्रासांता येथे दगड घडविण्याचा प्रयत्नही करून आला. दगडाची धूळ क्षयी फुप्फुसाला किती मानवणार? पण ओढ होती ती तिकडेच.

१९०६ च्या आरंभी एकवीस वर्षांचा मोदिल्यानी पॅरिसला आला. आईने दिलेले थोडे पैसे लवकरच संपले. १९०७ साली पॉल आलेक्सांद्र नावाचा एक तरुण डॉक्टर त्याला भेटला. स्वतः सधन नसताना त्याने ह्या इटालियन तरुणाची चित्रे विकत घेतली, रेखाटने जपून ठेविली आणि १९०९ साली त्याची गाठ ब्रांकुसी ह्या रुमानियन शिल्पकाराशी घालून दिली. ही भेट निर्णायक ठरली. मोदिल्यानी मोंमार्त्रची टेकडी सोडून मोंपार्नास भागात ब्रांकुसीच्या जवळपास राहावयास आला, आणि रंग बाजूस सारून त्याने छिन्नी हाती घेतली.

येथे त्या काळच्या शिल्पकलेच्या रीतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. एरवी त्याने काय केले हे ध्यानात येणार नाही. रोदँ हा तेव्हा पॅरिसच्या शिल्पकलेचा सम्राट होता. त्याच्या कर्मशाळेत शिल्पकार मातीत काम करी. मातीवरून प्लास्टरचा साचा होई. मग मदतनीस तो साचा मोजून मापून संगमरवरात उतरवीत, किंवा ओतारी ब्राँझमध्ये ओतीत. म्हणजे ज्याचे नाव शिल्पावर असे त्याचा हात दगडाला लागलेला असेच असे नाही. ब्रांकुसीने रोदँच्या कर्मशाळेत थोडे दिवस काढले आणि तो बाहेर पडला. दगडावर स्वतः टाकी चालवावी, दगड काय म्हणतो ते ऐकावे, हा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे जात्याला टाकी लावणाऱ्या बाईला किंवा पाटा-वरवंटा घडविणाऱ्या पाथरवटाला ही गोष्ट कोणी शिकविण्याची गरज नाही. माती चुकली तर पुन्हा लावता येते. दगड एकदा उडाला की उडाला. ह्या धोक्यातूनच दगडी मूर्तीला एक प्रकारचा संयम येतो. हात फार फिरवता येत नाही, बारकावे फार काढता येत नाहीत, आणि जे उरते ते आवश्यक तेवढेच उरते.

हा संयम मोदिल्यानीला जिवंत कोठे दिसला? सेन नदीकाठच्या त्रोकादेरो राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात. १८७८ च्या जागतिक प्रदर्शनानंतर तेथे मानववंशशास्त्राचे संग्रहालय थाटण्यात आले होते. अंधाऱ्या, कोंदट दालनांत आफ्रिकेतून आणलेले मुखवटे आणि लाकडी मूर्ती खच्चून भरलेल्या होत्या. पिकासो १९०७ साली तेथे गेला आणि हादरून बाहेर आला, हे सर्वश्रुत आहे. ह्या वस्तू तेथे कलाकृती म्हणून ठेविलेल्या नव्हत्या. जिंकलेल्या लोकांच्या रानटी चालीरीतींचे पुरावे म्हणून त्या मांडलेल्या होत्या. आयव्हरी कोस्ट हा प्रदेश १८९३ साली फ्रान्सची वसाहत झाला होता. दाहोमे राज्य त्याच सुमारास फ्रेंच फौजांनी बुडविले होते. फौजेच्या, व्यापाऱ्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून हे मुखवटे आले. आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांचे मुखवटे त्यांत होते: लांबट अंडाकृती चेहरा, कपाळापासून सरळ उतरणारे अरुंद नाक, अर्धवट मिटलेले डोळे, एवढेसे तोंड. मोदिल्यानीच्या पाषाणमस्तकांकडे पाहिल्यावर हे मुखवटे आठवल्यावाचून राहत नाहीत.

परंतु केवळ आफ्रिकेचे अनुकरण म्हणून ही मस्तके बाजूला काढणे हा अन्याय होईल. हा मनुष्य संग्रहालयांतून हिंडणारा होता आणि जे जे पाही ते पचविणारा होता. त्रोकादेरोच्या त्याच वास्तूत कंबोडियातील ख्मेर शिल्पे होती. मिटल्या डोळ्यांनी मंद हसणारी ती मस्तके म्हणजे आपल्याच बुद्ध-शिवांची सागरापलीकडची भावंडे. लूव्रमध्ये इजिप्तची दालने होती. रशियन कवयित्री आन्ना आख्मातोवा १९१० मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये पॅरिसला आली असताना मोदिल्यानी तिला घेऊन ह्या दालनांत तासन्‌तास फिरे. बाकी काही पाहण्याजोगे नाहीच अशा थाटात तो तेव्हा इजिप्तविषयी बोलत असे, अशी तिची आठवण आहे. इजिप्तच्या राण्यांच्या वेषात त्याने तिचे मस्तक रेखाटले. तिला दिलेल्या सोळा रेखाटनांपैकी रशियातील उलथापालथीत तिच्यापाशी एकच टिकले. ग्रीसच्या अतिप्राचीन संगमरवरी मूर्ती, ज्यांच्या चेहऱ्यावर केवळ नाक तेवढे कोरलेले असते, त्याही त्याला परिचित असाव्यात असे ती मस्तके पाहून वाटते. ह्या सगळ्यांतून त्याने जे घेतले ते रूप नव्हे, तर एक विचार: चेहरा हा कोणा एका व्यक्तीचा असलाच पाहिजे असे नाही. चेहरा हे देवळाच्या खांबासारखे, घुमटासारखे एक स्थापत्यही असू शकते. गोल कपाळ, त्याखाली खांबासारखे उतरणारे नाक, आणि त्या सगळ्याचा भार पेलणारी मान. शेजारी राहणाऱ्या माणसाचा हा चेहरा नव्हे. पण चेहरा आहे, ह्याबद्दल शंका येत नाही.

ही मस्तके बहुतेक चुनखडीच्या दगडाची आहेत. संगमरवर घेण्याची ऐपत नव्हती. पॅरिसमध्ये तेव्हा जिकडे तिकडे बांधकामे चालली होती. दिवसा गवंड्यांशी ओळख करून घ्यावी आणि रात्री ढकलगाडीवर एखादा घडीव चिरा घालून आणावा, असा हा व्यवहार. त्याला चोरी म्हणावयाचे की काय, हे वाचकांनी ठरवावे. म्हणून ही मस्तके उभट आणि अरुंद आहेत, मागची बाजू पुष्कळदा खडबडीत सोडलेली आहे. इमारतीच्या चिऱ्याचा आकार मूर्तीत शिल्लक राहिला आहे. सिते फाल्गिएर नावाच्या गल्लीतल्या त्याच्या खोलीत, आणि खोलीबाहेरच्या अंगणात, ती उभी असत. इंग्लंडहून आलेला शिल्पकार जेकब एपस्टाइन १९१२ साली तेथे गेला तेव्हा नऊ-दहा मस्तके ओळीने मांडलेली त्याने पाहिली. रात्री मोदिल्यानी प्रत्येक मस्तकावर एकेक मेणबत्ती लावीत असे आणि ती दरिद्री खोली एखाद्या प्राचीन देवळासारखी दिसे, असे एपस्टाइनने नोंदविले आहे. ज्याला हे विक्षिप्तपणाचे वाटेल त्याने आपल्या गावच्या मारुतीच्या ओट्यावर संध्याकाळी तेवणारी पणती आठवावी. मोदिल्यानीला खरोखरच एक देऊळ उभारावयाचे होते. डोक्यावर भार पेलणाऱ्या स्त्रियांचे खांब आणि मध्ये ही मस्तके अशी त्याची कल्पना होती. त्या खांबांची पुष्कळ रेखाटने त्याने केली. दगडात मात्र एखाददुसराच खांब उतरला.

ह्याच सुमाराची लंडनमधील एक हकीकत येथे आठवते. तिच्याशी आपला संबंध अधिक जवळचा आहे. १९१० च्या जानेवारीत हॅवेल ह्यांनी भारतीय कलेवर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी सर जॉर्ज बर्डवूड होते. हे गृहस्थ १८३२ साली बेळगावात जन्मलेले. मुंबईत वैद्यकीचे अध्यापक. राणीच्या बागेच्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. आपल्या कारागिरांच्या हस्तकौशल्याचे त्यांनी ग्रंथभर कौतुक केले होते. पण भारतात ललितकला म्हणून काही आहे हे त्यांना मान्य नव्हते, आणि जावातील ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीला त्यांनी त्या सभेत उकडलेल्या चरबीच्या एका खाद्यपदार्थाची उपमा दिली. इंग्लंडमधील तेरा कलावंतांनी वर्तमानपत्रात निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले, आणि त्या वादातून इंडिया सोसायटी ही संस्था निघाली. बर्डवूड ह्यांना भारताविषयी आकस होता असे नव्हे. उमेदीची पुष्कळ वर्षे त्यांनी येथेच काढली होती. चेहरा म्हणजे साम्य, शरीर म्हणजे स्नायू, ह्या एका मापाखेरीज दुसरे माप त्यांच्यापाशी नव्हते, एवढेच. ज्या वर्षी एक विद्वान बुद्धाच्या मिटल्या डोळ्यांत काही नाही असे सांगत होता, त्याच वर्षी पॅरिसमधला एक कर्जबाजारी क्षयी तरुण तसल्याच मिटल्या डोळ्यांसाठी चोरलेल्या दगडावर टाकी चालवीत होता.

आणि आपण? आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तेव्हा ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून विद्यार्थ्यांचा हात तयार करीत. त्या शिक्षणातून गणपतराव म्हात्र्यांसारखा अस्सल गुणवान शिल्पकार निर्माण झाला. त्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ची, जी १८९६ च्या सुमाराची, ख्याती योग्यच होती. म्हात्र्यांना उणे लेखण्याचा येथे हेतू नाही. पण घारापुरीचे त्रिमुख सदाशिवाचे मस्तक मुंबईच्या बंदरातून होडीने तासाभराच्या अंतरावर असताना विद्यार्थ्यांपुढे ग्रीसचे प्लास्टर ठेवले जाई, आणि ग्रीसचे मूळ संगमरवर दाराशी असलेला पॅरिसचा विद्यार्थी कंबोडियाच्या आणि आफ्रिकेच्या मुखवट्यांकडे धाव घेई, ही विसंगती तरी नोंदवावयास हवी. वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी. ज्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, तो राजा ह्या वत्सगुल्म शाखेचाच. मेडशीच्या मुलांना हा इतिहास माहीत असतो तो सनावळीपुरता. बुद्धाचा कान इतका लांब का, पापणी इतकी खाली का, हे त्यांना कोणी सांगत नाही. कारण आम्हा शिक्षकांनाही ते कोणी सांगितले नव्हते.

१९११ च्या मार्चमध्ये आमादेओ द सूझा-कार्दोझो ह्या पोर्तुगीज चित्रकार मित्राच्या कर्मशाळेत मोदिल्यानीने आपली मस्तके मांडली. १९१२ साली शरद-प्रदर्शनात सात मस्तके एकत्र मांडली गेली. ती सुटी शिल्पे नसून एकच शोभासमूह आहे, असे त्याने सूचित केले होते. गिऱ्हाईक आले नाही. पुढे दोन वर्षांत त्याने शिल्प सोडले. कारणे पुष्कळ सांगितली जातात आणि ती सगळीच खरी असावीत. दगडाची धूळ छातीत जाऊन खोकला वाढे. दगड जड, खोल्या वारंवार बदलाव्या लागत, घरभाडे थकले की मस्तके मागेच राहत. चित्र निदान काखेत मारून नेता येते आणि एका जेवणाच्या मोबदल्यात देता येते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले, बांधकामे थांबली, दगड मिळेनासा झाला. डॉक्टर आलेक्सांद्र सैन्यात गेला; ते दोघे पुन्हा कधी भेटले नाहीत.

पुढची सहा वर्षे चित्रांची. ती अधिक प्रसिद्ध असल्याने येथे विस्तार करीत नाही. पॉल गियोम ह्या व्यापाऱ्याने त्याला हाताशी धरले. हा मनुष्य आफ्रिकन शिल्पांचाही व्यापारी होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर झ्बोरोव्स्की हा पोलिश कवी-व्यापारी आला. त्याने स्वतः उपाशी राहून ह्याला रंग आणि खोली पुरविली. १९१७ च्या डिसेंबरात भरलेल्या त्याच्या हयातीतील एकमेव स्वतंत्र चित्रप्रदर्शनात पोलिसांनी हस्तक्षेप करून नग्नचित्रे काढावयास लावली. ह्या सर्व चित्रांतून तीच मस्तके पुन्हा पुन्हा वर येतात. शेजारची मोलकरीण असो, कवी असो, की पत्नीवत् सोबत राहणारी झान एब्युतेर्न असो. नाक खांबासारखे उतरते, मान लांबते, डोळा बदामासारखा रिकामा राहतो. पण आता त्या साच्याखाली जिवंत माणूस ओळखू येतो. दगडात जे त्याला साधावयाचे नव्हते, ते रंगात साधले.

२४ जानेवारी १९२० रोजी पॅरिसच्या धर्मादाय इस्पितळात क्षयजन्य मेंदूज्वराने त्याचा अंत झाला. झान तेव्हा दुसऱ्या खेपेची, दिवस भरत आलेली गर्भवती होती. एक-दोन दिवसांतच माहेरच्या घराच्या पाचव्या मजल्यावरून तिने उडी घेतली. तिच्या आईबापांनी तिला दूरच्या दफनभूमीत पुरले. १९३० साली तिला त्याच्या शेजारी आणण्यात आले. चौदा महिन्यांची मुलगी लिव्होर्नोला आजीकडे गेली.

ह्या शोकांतिकेमुळे त्याच्या चरित्रावर एक जाड थर बसला आहे. मद्य, हशीश, स्त्रिया, दारिद्र्य, आणि अकाली मृत्यू. कादंबऱ्या आणि चित्रपट ह्यांना एवढे भांडवल पुरते. तो पीत असे, आणि पिऊन वाह्यातपणा करीत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळी क्षयी माणसाला कोणी शेजारी बसू देत नसे. दारूडा म्हणवून घेणे हे क्षयी म्हणवून घेण्यापेक्षा बरे, असा त्याचा हिशेब असावा, असा तर्क काही चरित्रकारांनी केला आहे, आणि तो प्रस्तुत लेखकाला पटतो. ज्यांच्या घरात क्षयाचे दुखणे झाकून ठेवलेले आहे त्यांनाही तो पटेल. दारूच्या अमलाखाली चित्र एक वेळ काढता येईल. चुनखडीच्या चिऱ्यातून बोटभर रुंदीचे नाक सरळ उतरविता येत नाही.

त्याच्या हयातीत ज्या मस्तकांना गिऱ्हाईक नव्हते त्यांतले एक नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७ कोटी ७ लाख डॉलरला गेले. ह्या आकड्याने डोळे दिपण्यापेक्षा एक दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. त्याने ज्यांच्यापासून धडा घेतला त्या बाउले मूर्तिकारांपैकी एकाचे तरी नाव त्रोकादेरोच्या पाटीवर होते काय? नव्हते. जमातीचे नाव होते, आणणाऱ्याचे नाव होते, घडविणाऱ्याचे नव्हते. दाहोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या सव्वीस वस्तू फ्रान्सने २०२१ च्या नोव्हेंबरात त्या देशाला परत केल्या, सव्वाशे वर्षांनी. ह्यात मोदिल्यानीचा दोष काय, असे कोणी विचारील. दोष नाही. त्या मूर्ती ज्यांनी लुटल्या त्यांना त्यांत रानटीपणा दिसला. ह्याने त्यांच्यापुढे उमेदवारी केली. पण उमेदवाराचे नाव राहिले आणि गुरूंची गेली, हेही तितकेच खरे आहे.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या शिवारात, धुऱ्यावर, पडक्या बारवेच्या कडेला, पारावर, खंडित मूर्ती जागोजाग पडलेल्या असतात. एखादे मस्तक, एखादा छातीपर्यंतचा भाग. खंडित मूर्तीची पूजा करू नये ह्या समजुतीने त्या देवळाबाहेर येतात. कोणी त्यांना नदीत सोडतो, कोणी भिंतीच्या पायात घालतो. ज्या पूजेत राहतात त्यांना जीर्णोद्धाराच्या उत्साहात चकचकीत तैलरंग फासला जातो, आणि भिवया, मिशा, गुलाबी ओठ काढून त्यांना माणसासारखे केले जाते. शेंदराची गोष्ट वेगळी. शेंदूर दगडाचा आकार झाकीत नाही, उलट गोलाई वाढवितो. तैलरंगाने काढलेले डोळे मात्र छिन्नीने काढलेल्या डोळ्यांची हत्या करतात. गावोगावच्या चित्रकलेच्या शिक्षकाने वर्षातून एक तास मुलांना अशा एखाद्या मस्तकासमोर नेऊन बसविले, त्याच्या नाकाची, पापणीची, कानाची रेघ कागदावर उतरवून घेतली, आणि कोठे काय आहे ह्याची नोंद शाळेच्या दप्तरात ठेविली, तर त्याला पैसा लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. सूचना किरकोळ आहे. तिच्यापायी एखादे मस्तक पायाच्या भरावात जाण्यापासून वाचले तरी पुरे.

मोदिल्यानीच्या स्वतःच्या गावात ह्याविषयी एक चमत्कारिक प्रकरण घडले. तो मधूनमधून घरी लिव्होर्नोला जाई. तेथे त्याने काही मस्तके घडविली, मित्रांनी ती पाहून टर उडविली, आणि चिडून त्याने ती कालव्यात फेकून दिली, अशी वदंता गावात पिढ्यानपिढ्या होती. १९८४ साली जन्मशताब्दीच्या निमित्ताने नगरपालिकेने कालव्याचा तळ उपसला. एकामागून एक तीन दगडी मस्तके वर आली. मोठमोठ्या कलासमीक्षकांनी ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला, त्यांतील भाव वाखाणले, पुस्तिका छापली. सप्टेंबर उजाडला तेव्हा तीन विद्यार्थी पुढे आले आणि त्यांतले एक आपण घरच्या अंगणात विजेच्या यंत्राने थट्टेखातर बनविले असे सांगून, दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी तसेच दुसरे घडवून दाखविले. उरलेली दोन मस्तके बंदरावर काम करणाऱ्या आंजेलो फ्रोल्या नावाच्या कलावंताने केली होती. चेहऱ्याच्या लांबीला आणि बदामी डोळ्यांना भुललेल्या पंडितांना यंत्राची खूण आणि हाताची खूण वेगळी करता आली नव्हती.

त्याच्या मुलीचे नाव आईच्या नावावरून झान ठेवले होते. आजीच्या घरी वाढलेल्या ह्या मुलीने पुढे दंतकथा बाजूस सारून, कागदपत्रे तपासून, बापाचे चरित्र लिहिले. कालव्यातून मस्तके निघत होती त्याच जुलैमध्ये, १९८४ साली, पॅरिसमध्ये तिचे निधन झाले. ती खोटी होती हे उघडकीस आले ते त्यानंतर.